शहरात पर्यावरणाचं काम सुरू करायचंय, पण नेमकं कुठून? जरा सविस्तर सांगते

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शहरात येऊन वर्ष झालं, नोकरी आहे, आठवड्याला जेमतेम तीन-चार तास निघतात, पर्यावरणासाठी मनापासून काहीतरी करायचंय. दोन ग्रुपमध्ये जाऊन आलात, एकात नुसते फोटो आणि दुसऱ्यात नुसती भांडणं, मग आता सुरुवात कुठून करू, आणि मुलगी सात वर्षांची आहे तिला सोबत नेता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी हे काम बावीस वर्षं करतेय, झाडं, कचरा, नाला, हवा सगळ्यात हात घालून झालाय, त्यामुळे जे स्वतः करून कळलं ते सांगते. उत्तर लांबेल, पण तुम्ही विचारलंय ते दोन ओळींत सांगण्यासारखं नाहीये.

पहिली गोष्ट, विषय निवडू नका, जागा निवडा. हवामान बदल, प्लॅस्टिक, जैवविविधता असे मोठे शब्द घेऊन बसलात की सहा महिने नुसतं वाचण्यात जातील. त्यापेक्षा घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत एक जागा शोधा, जिथून तुम्ही तसंही येता-जाता. एखादा रस्ता ज्याच्यावर वीस-पंचवीस झाडं आहेत, नाल्याचा शंभर-दोनशे मीटरचा तुकडा, कायम कचरा पडतो तो कोपरा, तळ्याची एक बाजू, काहीही चालेल. आणि ती जागा निदान दोन वर्षं सोडायची नाही असं आत्ताच ठरवा. दहा मिनिटांचं अंतर मी मुद्दाम सांगतेय, कारण जागा लांब असली की पहिल्या महिन्यात उत्साहाने जाणं होतं, मग एक रविवार चुकतो, मग दोन, आणि नव्याचे नऊ दिवस संपतात. मी हे इतक्या चांगल्या चांगल्या माणसांच्या बाबतीत होताना बघितलंय की आता नवीन कोणी आलं की मी आधी घर कुठे हेच विचारते.

असं का म्हणते त्याच्यामागे एक अनुभव आहे. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एका मोकळ्या जागेवर एका सकाळी दोनशे रोपं लावली होती, दीडशे माणसं आली होती, बॅनर, टोप्या, भाषणं सगळं झालं. पुढच्या उन्हाळ्यात मी एकटीच बघायला गेले. बहुतेक रोपं वाळून काटकी झाली होती. एक धरून ओढलं तर एका हाताने अलगद वर आलं, मुळांना नर्सरीची काळी पिशवी अर्धी तशीच चिकटलेली, आणि आत मुळं सुतळीच्या गुंड्यासारखी गोल गोल फिरलेली, बाहेरच्या मातीत एकही शिरलेलं नाही. पाणी मिळालं नव्हतं हे तर होतंच, पण लावतानाच ते रोप मरणार हे ठरलेलं होतं आणि आमच्यातल्या कोणाच्याही लक्षात आलं नाही. जिवंत होती नऊ झाडं, सगळी एकाच कोपऱ्यात. चौकशी केल्यावर कळलं की पलीकडच्या घरातले एक आजोबा रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी त्यांना घालत होते, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशी कार्यक्रमालाही नव्हते. त्या दिवसापासून माझी कामाची पद्धतच बदलली. शहरात सुरुवात करणारे ढीगभर मिळतात, आपल्याकडे त्यांना आरंभशूर म्हणतात, पण दुसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात, दुसऱ्या वर्षी जो बादली घेऊन येतो त्या माणसाची कमतरता सगळ्या शहरांत आहे. तुमच्याकडे आठवड्याला तीन तास आहेत ना, मग तो माणूस तुम्ही होऊ शकता, खरंच तीन तास पुरतात.

पहिला महिना काहीही करायचं नाही, फक्त बघायचं. हे सांगितलं की लोक नाराज होतात पण मी ठाम आहे याच्यावर. एक साधी वही घ्या, तारीख, वेळ, काय दिसलं, एवढंच लिहा. सकाळी एकदा, रात्री एकदा, एखाद्या सुट्टीच्या दिवशी, पाऊस पडून गेल्यावर, अशा वेगवेगळ्या वेळी जा. पहिल्या फेरीत काय बघायचं सुचत नसेल तर एक सोपं माप आहे, शहरी वनीकरणातले तज्ज्ञ सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ मध्ये मांडलेला ३-३०-३०० हा नियम. घराच्या खिडकीतून निदान ३ मोठी झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के झाडांची सावली असावी, आणि ३०० मीटरच्या आत बाग किंवा हिरवी जागा असावी. आपल्या वस्तीत यातलं काय आहे आणि काय नाही हे मोजायला एक संध्याकाळ लागते, आणि मुलीला घेऊन करता येतं. मोजून आलात की तुमचा परिसर तुम्हाला वेगळा दिसायला लागेल, कुठल्या गल्लीत सावली अजिबात नाही, कुठे झाड आहे पण बुंध्यापर्यंत सिमेंट केलंय, हे आधी डोळ्यांसमोर असून दिसत नसतं.

वहीचा उपयोग किती होतो ते सांगते. आमच्या भागातल्या नाल्याला फेस यायचा. सगळे म्हणायचे कायमच येतो. वर्षभर अर्ज केले की नाल्यात प्रदूषण आहे, कारवाई करा, उत्तर एकच, पाहणी केली, काही आढळलं नाही. मग आम्ही तिघींनी ठरवलं, पुलावरून येता-जाता रोज बघायचं आणि लिहायचं. पाण्याचा रंग, वास, फेस आहे की नाही, वेळ. स्वच्छ काचेच्या बाटलीत दोरीने पाणी काढून पांढऱ्या कागदासमोर धरायचं आणि फोटो काढायचा, रोज त्याच जागी, त्याच कागदासमोर. तीन महिन्यांनी वही उघडून बसलो तर लक्षात आलं की फेस रोज येतच नाही, मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, रात्री साडेनऊनंतर, आणि पाणी वाहत येतं त्या बाजूला, डावीकडच्या तिसऱ्या पाइपच्या आधी कधीच नसतो, त्या पाइपच्या पुढेच असतो. म्हणजे पाहणीला दिवसा येणाऱ्या माणसाला काही आढळणारच नव्हतं, तो खोटं बोलत नव्हता. ती पानं झेरॉक्स करून दिली आणि त्याच शुक्रवारी रात्री नमुना घ्यायला माणूस आला. वर्षभराच्या अर्जांनी जे झालं नाही ते वहीने झालं, कारण अधिकाऱ्याला आता कुठे, कधी, काय हे कळलं होतं. नाल्यात उतरू मात्र नका, आणि रात्री एकट्याने जाऊ नका, पुलावरून दिसतं तेवढं पुरे.

आता झाडांबद्दल, कारण दहातले आठ जण झाडांपासूनच सुरुवात करतात. नवीन लावण्याआधी जी आहेत ती वाचवा. रस्त्यावरच्या झाडाला तुम्ही सहज करू शकता अशा गोष्टी आहेत. बुंध्याभोवतीचं सिमेंट मोकळं करून घेणं (हे पालिकेला सांगून, स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन नाही, मुळं तुटतात), खोडाला गुंडाळलेल्या तारा आणि जाहिरातींचे खिळे काढणं, आणि लहान झाडाला आधाराच्या काठीशी बांधलेली दोरी बघणं. ही दोरी फार जणांच्या लक्षात येत नाही. रोप लावताना बांधतात आणि विसरतात, खोड जाड होत जातं आणि दोरी सालीत रुतते. सालीच्या लगेच आतून झाडाचं अन्न खाली मुळांकडे जातं, तोच रस्ता आवळला जातो, मग मुळं उपाशी राहतात आणि वरून पाणी कितीही घाला, झाड खंगतं. साधारण वर्षभराने दोरी सोडायलाच पाहिजे. एका कात्रीने एका संध्याकाळी तुम्ही दहा झाडं वाचवू शकता, दहा नवीन लावून जगवण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे.

आणि लावायचंच असेल तर खड्डा खोल करू नका, रुंद करा, मातीच्या गोळ्याच्या दोन-तीन पट रुंद. पिशवी पूर्ण काढा, गोल फिरलेली मुळं बोटांनी सोडवा, नाहीच सुटली तर बाजूने उभे काप द्या. खोड जिथे खाली पसरायला लागतं तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे, तो गाडला की झाड हळूहळू कुजतं आणि ते कळायला कधीकधी पाच-सहा वर्षं जातात. वर पालापाचोळ्याचं चार बोटं आच्छादन, पण खोडाला चिकटवून नाही, वळ्यासारखं सोडून. पहिली दोन-तीन वर्षं कोरड्या महिन्यांत पाणी. त्यामुळे किती झाडं लावायची हा आकडा बादल्यांवरून ठरवा, जितक्यांना दोन वर्षं पाणी घालणारा माणूस नावानिशी ठरलाय तितकीच लावा, मग ती सहा असली तरी चालतील. मियावाकी पद्धतीबद्दल पण लोक फार विचारतात, जपानच्या अकिरा मियावाकींची, चौरस मीटरला तीन-चार स्थानिक जातीची रोपं दाट लावायची ती पद्धत. चांगली आहे, पण आधी माती तयार करावी लागते, जाती खरोखर स्थानिक लागतात, आणि पहिली दोन-तीन वर्षं पाणी आणि तण काढणं त्यातही चुकत नाही. शिवाय जिथे मुळातच गवताळ माळ किंवा पाणथळ जागा आहे तिथे झाडं भरू नका. ती जागा ओसाड नसते, तिथे जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, फुलपाखरं असतात, पावसाचं पाणी तिथे मुरतं. मोकळी दिसते म्हणून लावलं असं करून आपल्याच हाताने नुकसान झालेलं मी बघितलंय.

आता पालिकेकडे वळू. बऱ्याच पर्यावरणप्रेमी लोकांना सरकारी ऑफिसचा कंटाळा असतो, पण शहरातलं नव्वद टक्के पर्यावरण ठेकेदाराच्या कामाच्या यादीत असतं, ही माझी मोजणी नाही, अनुभव आहे. झाडं कोण छाटतं, कधी छाटतं, पानं कुठे जातात, नाला वर्षातून किती वेळा साफ होतो, कचऱ्याची गाडी किती वाजता येते, हे सगळं कुठल्यातरी टेंडरमध्ये लिहिलेलं असतं. ते कागद मागा. माहिती मिळण्याचा अधिकार देणारा पहिला कायदा स्वीडनने १७६६ मध्ये केला, आज शंभराहून जास्त देशांत असे कायदे आहेत, म्हणजे तुम्ही कुठेही असलात तरी बहुधा हा रस्ता आहे. मागताना मोघम मागू नका. 'कचरा व्यवस्थापनाची माहिती द्या' असं लिहिलंत तर मोघमच उत्तर येईल, 'अमुक रस्त्यावर गेल्या वर्षी झाडछाटणी कुठल्या तारखांना झाली, बिल कितीचं निघालं' असं विचारा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, नंबर वहीत लिहा, पंधरा दिवसांनी तोच नंबर सांगून विचारा. पाठपुरावा म्हणजे एवढंच, पण सातत्याने. आणि पालिकेचं बजेट कधी ठरतं ती तारीख माहिती करून घ्या, कारण मागणी बजेटनंतर गेली की वर्ष गेलं. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेमध्ये १९८९ पासून नागरिकांनी बजेटमधल्या काही खर्चाचा क्रम स्वतः ठरवायला सुरुवात केली, तिथून ही कल्पना जगभरच्या अनेक शहरांत गेली. तुमच्या शहरात असं काही आहे का ते नक्की बघा, असेल तर तिथे दहा जण घेऊन जाणं हे शंभर पोस्टपेक्षा कामाचं आहे.

पत्रांची ताकद कमी समजू नका. केनियाच्या वांगारी मथाई, ज्यांनी १९७७ मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली आणि २००४ मध्ये ज्यांना शांततेचं नोबेल मिळालं, त्यांची ओळख झाडं लावणारी बाई अशी आहे. पण १९८९ मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये साठ मजली इमारत उभी राहणार हे कळल्यावर त्यांनी पत्रं लिहायला घेतली, एकामागून एक, सरकारी खात्यांना, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना, परदेशी वकिलातीला. संसदेत त्यांची टिंगल झाली, त्यांच्या संस्थेला ऑफिसच्या जागेतून बाहेर काढलं, तरी थांबल्या नाहीत, आणि शेवटी पैसे देणाऱ्यांनी माघार घेतली. तो पार्क आजही आहे. न्यूयॉर्कचं उदाहरण जरा वेगळं. १९७३ मध्ये लिझ क्रिस्टी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी बोवरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा कचऱ्याने भरलेला प्लॉट साफ करून बाग केली, पण नुसती बाग करून थांबले नाहीत, पालिकेकडे गेले आणि १९७४ मध्ये ती जागा महिना १ डॉलर भाड्याने रीतसर घेतली. कागद झाला म्हणून बाग टिकली. तुम्ही कुठल्याही जागेवर काम करा, एक साधं परवानगीचं पत्र असू द्या, नाहीतर एक दिवस जेसीबी येतो आणि तुम्ही कोण हे विचारायलाही कोणी थांबत नाही.

हे लिहिताना अजून एक सांगायचं राहायला नको. ऑफिसातल्या साहेबांच्या आधी तुमच्या रस्त्यावर झाडू मारणारी बाई, गाडीवरचा मुलगा, बागेचा माळी, यांची नावं माहिती करून घ्या. कुठला गटाराचा चेंबर तुंबतो, कचरा कोण आणि किती वाजता टाकून जातं, पाण्याचा नळ कुठे आहे हे त्यांना माहिती असतं. आमची निम्मी कामं त्यांच्यामुळे झालीत. आणि साफसफाईच्या कार्यक्रमात लोक हातमोजे घालून तासभर फोटो काढतात आणि जाताना ज्या माणसाला तो ढीग उचलायचाय त्याच्याशी एक शब्द बोलत नाहीत, हे बघितलं की मला फार वाईट वाटतं. आधी त्याला विचारा ढीग कुठे ठेवू, पोत्यात भरू का, काचा वेगळ्या काढू का.

साफसफाईच्या मोहिमा वाईट असतात असं अजिबात नाही. एस्टोनियात ३ मे २००८ ला साधारण ५० हजार लोकांनी पाच तासांत १० हजार टनांच्या आसपास बेकायदा टाकलेला कचरा उचलला, त्या देशाची लोकसंख्या तेव्हा तेरा-चौदा लाख होती. सगळे तो एक दिवस सांगतात, पण त्याच्या आधी कित्येक महिने कार्यकर्ते फिरून कचरा कुठे पडलाय याचे हजारो ठिपके नकाशावर लावत होते, गाड्या कुठून येणार, कचरा कुठे जाणार हे ठरवत होते. तुमच्या कोपऱ्याचं पण तसंच करा. उचलण्याआधी मोजा. समुद्रकिनारा साफ करण्याची जी आंतरराष्ट्रीय मोहीम आहे ती १९८६ मध्ये टेक्सासला सुरू झाली, तेव्हापासून तिथे उचललेली प्रत्येक वस्तू कार्डावर नोंदवतात, त्यामुळेच आज आपल्याला माहितीये की कित्येक वर्षं सिगारेटची थोटकं यादीत सगळ्यात वर होती. आम्ही एका कोपऱ्यावर असं मोजलं तर अर्ध्याच्या वर बांधकामाचा राडारोडा आणि जुन्या गाद्या निघाल्या, म्हणजे घरोघरी जाऊन ओला-सुका समजावून तिथे काही उपयोगच नव्हता, लोकांना मोठं सामान टाकायला सोय नव्हती. ती सोय महिन्यातून एकदा गाडी मागवून केली तेव्हा कोपरा साफ राहिला. त्याआधी तीन वेळा साफ केला होता आणि तीनही वेळा आठवड्यात ये रे माझ्या मागल्या.

कंपोस्टबद्दल मला खास सांगायचंय, कारण आठवड्याला तीन तासांत सगळ्यात जास्त फरक जर कशाने पडत असेल तर तो याने, असं माझं मत आहे. ओला कचरा डेपोवर दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही आणि त्यातून मिथेन वायू निघतो, जो वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटीच्या आसपास उष्णता धरून ठेवतो. तोच कचरा तुमच्या इमारतीच्या मागे हवा खेळती ठेवून कुजवला तर मिथेन जवळजवळ होत नाही आणि झाडांना खत मिळतं. लोक करतात, वास येतो, शेजारी भांडतात, बंद पडतं, हे नेहमीचं आहे. वास का येतो ते समजून घेतलंत तर बंद पडणार नाही. अंड्यासारखा कुजका वास आला म्हणजे आत हवा कमी आणि ओल जास्त, सुकी पानं घाला आणि उलथापालथ करा. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास आला म्हणजे नायट्रोजन, म्हणजे ओला कचरा, जास्त झाला, पुन्हा सुकं घाला. नवीन माणूस कायम सुकं कमी घालतो. ओल्या कचऱ्याच्या एका बादलीला सुक्या पानांच्या दोन-तीन बादल्या असं मनात धरा, कागदावरचा हिशोब कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण पंचवीस-तीसला एक असा असतो पण बादलीचा हिशोब लक्षात राहतो. ओल किती, तर मूठभर घेऊन घट्ट दाबलं की हात ओला व्हावा, एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. आणि एक लांब दांड्याचा थर्मामीटर घ्या. ढीग निदान घनमीटरभर मोठा असेल तर तीन-चार दिवसांत आतलं तापमान ५५ अंशांच्या वर जातं, तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू त्यात मरतात. पहाटे ढीग उलगडला आणि आतून वाफ निघाली की बघायला माणसं गोळा होतात, काल नाक मुरडणारे काका आज हात लावून बघतात की खरंच गरम आहे का. आमच्याकडे तिथूनच आठ घरं जोडली गेली, मी एकही भाषण दिलं नव्हतं.

सुकी पानं मिळवायला रस्ता झाडणाऱ्यांशी बोला, त्यांना ती कुठेतरी न्यायचीच असतात आणि कित्येक ठिकाणी पेटवून देतात. पोती घेऊन ठेवलीत तर पानं जळणंही थांबेल, दोन्हीकडून फायदा.

हवेबद्दल थोडं, कारण हल्ली हवेतली धूळ मोजायचे सेन्सर सगळे घेतात. घ्या, पण आकडा दाखवून लगेच कोणावर आरोप करू नका. स्वस्तातले लेझर सेन्सर हवेत दमटपणा वाढला की धुलिकण फुगल्यामुळे जास्त आकडा दाखवतात, धुक्याच्या सकाळी तर हमखास. सरकारी मोजणी केंद्राच्या शेजारी पंधरा दिवस ठेवून दोन्ही आकडे ताडून बघा, मग तुमच्या सेन्सरचा स्वभाव कळेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म धुलिकणांची, वर्षाची सरासरी ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरपर्यंत असावी असं सांगितलं, आधी ते १० होतं, बहुतेक शहरं याच्या कितीतरी वर आहेत. पण सेन्सरचा खरा उपयोग तुलनेला आहे, शाळेच्या गेटवर गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात तेव्हा आणि नसतात तेव्हा काय फरक पडतो हे आठवडाभर दाखवा, पालक आपणहून इंजिन बंद करायला लागतात.

ग्रुपचं म्हणाल तर तुम्ही जे दोन बघितलेत तसे सगळीकडे असतात, तेवढ्यावरून खट्टू होऊ नका. नवीन ग्रुपमध्ये जाऊन मी दोन गोष्टी विचारते, गेल्या वर्षी तुम्ही जे केलं ते आज कसं आहे, आणि पुढच्या बुधवारी कोण काय करणार आहे. पहिल्याचं उत्तर प्रामाणिक असेल, म्हणजे इतकी मेली, इतकी जगली असं, आणि दुसऱ्याचं उत्तर नावासकट असेल, तर तिथे थांबा. भांडणं होणारच, बहुतेक वेळा ती श्रेयाची असतात, आणि त्याच्यावर मला सापडलेला उपाय असा की पत्रात, बोर्डावर कुठेही माणसाचं नाव टाकायचं नाही, रस्त्याचं नाव टाकायचं. ग्रुप नाहीच मिळाला तर दोन जण पुरतात, फक्त एकटे राहू नका, कारण आजारपण येतं, गावाला जाणं होतं आणि रोपं वाट बघत नाहीत. तुमच्याकडे काहीतरी दुरुस्त करायची कला असेल तर रिपेअर कॅफे बघा, २००९ मध्ये मार्टिन पोस्टमा या बाईंनी ॲमस्टरडॅममध्ये पहिला भरवला, लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि जाणकाराच्या शेजारी बसून स्वतः दुरुस्त करतात. बागकामाची आवड नसलेल्या कितीतरी जणांना तिथे जागा मिळते. हिशोब येत असेल तर तुमच्यासारखं माणूस आम्हाला हवंच असतं, टेंडरचे आकडे वाचणारे फार कमी आहेत.

आता मुलीबद्दल. नक्की न्या, पण तिला मदतनीस म्हणून नेऊ नका, तिला तिचं स्वतःचं काम द्या. सात वर्षांच्या मुलांची नजर जमिनीजवळ असते, त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसतं. तिला एक झाड द्या आणि त्याच्यावर काय काय येतं ते मोजायला सांगा, मुंग्या, कोळी, अळ्या, पक्षी, चित्र काढायला सांगा, नाव माहीत नसलं तरी चालेल. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाकलात तर जगभरचे लोक नाव सांगायला मदत करतात, आणि एप्रिलच्या शेवटी सिटी नेचर चॅलेंज असतं, २०१६ मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या चुरशीतून सुरू झालं आणि २०१८ पासून जगभरच्या शहरांत होतं, चार दिवसांत आपल्या शहरात जे जिवंत दिसेल ते नोंदवायचं, त्यात तुम्ही दोघी मिळून भाग घ्या. काचा, सुया, नाल्याचं पाणी यांच्याजवळ तिला नेऊ नका, साफसफाईला नेलंत तर नोंदीची वही तिच्या हातात द्या आणि उचलायचं काम मोठ्यांनी करा. तासाभराने ती कंटाळली तर घरी जा, जबरदस्ती करू नका.

या रविवारी मग एवढंच करा, तुम्ही दोघी बाहेर पडा, दहा मिनिटांच्या आतल्या दोन-तीन जागा बघा आणि त्यातली एक तिला निवडू द्या. येताना आधाराच्या काठीला बांधलेली झाडं दिसली तर दोरी आणि खोड यांच्यामध्ये तिचं बोट जातंय का ते बघायला सांगा. जात नसेल त्या झाडाची जागा वहीत लिहून ठेवा, आणि बघण्याचा महिना संपला की कात्री घेऊन जा.